सरकवलेला मनोरा

मु. गुड्डवाडी, मंठाळजवळ
२० डिसेंबर १९५३

सिद्राम,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. ते आपल्या आईनं, अव्वानं ठेवलेलं आहे, म्हणून तेवढं तरी लिहिलं.

तू न जेवता गेलास. तुझ्यासाठी शेंगांची गोड होळगी लाटली होती. ती तशीच राहिली, मग शिळी झाल्यावर शेजारच्या भागम्माच्या म्हशीला घातली. म्हैस खात होती आणि मी उभी राहून बघत होते. तिनं तरी माझ्याकडं पाठ फिरवली नाही.

तुझ्या माणसांनी दिवसभर मोजणीची साखळी ओढली, खुंट्या ठोकल्या. शेवटची खुंटी अव्वाच्या समाधीच्या अलीकडं ठोकली. अलीकडं, सिद्राम. म्हणजे अव्वा पलीकडं गेली, आपल्या बांधशेजारी रेवणसिद्धप्पाच्या रानात.

मला काही कळत नाही असं समजू नकोस. रझाकारांच्या धामधुमीत शिवेचे दगड उपटले गेले, पुढं जागीर उठली, सरकारनं नवी मोजणी काढली, हे मला ठाऊक आहे. जुन्या नकाशातली एकच खूण उभी उरली आहे, टेकडीवरचा साहेबाचा मनोरा, आणि तिथूनच मोजत यायचं, हे तू सगळ्या गावासमोर समजावून सांगितलंस. फार छान सांगितलंस. मोजणी खात्यातला माणूस आपल्या गावचा आहे म्हणून लोकांच्या छात्या फुगल्या.

पण तो मनोरा त्याच्या जागेवर नाही. हे ठाऊक असलेली तीनच माणसं आता जिवंत आहेत. अप्पा, मी आणि तू.

मी तुला बांधाकडं बोलावलं.

"सिद्राम, जरा हिकडं ये."

"अक्का, काम चाललंय."

"मनोरा पैला कुठं व्हता, इसरलास व्हय?"

तू बुटाची नाडी सोडलीस आणि पुन्हा बांधलीस. "कामात नातं आणू नको. लोक बघायलेत."

बघतच होते. रेवणसिद्धप्पा तर हात जोडून उभा होता, देवळात उभं राहावं तसा.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. माणूस वाईट नाही. ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मी मागितलं न्हाई, निलक्का. तुझ्या भावानं दिलं. दिल्यावर नको कामून म्हणावं?" त्या कोपऱ्यात पाणी आहे म्हणे. पाणी बघणाऱ्याच्या तळहातावर नारळ ताठ उभा राहिला. शिवरात्र झाली की तो तिथं विहीर खणणार, इंजिन बसवणार, ऊस लावणार. भालकीकडं सगळे लावायलेत म्हणतो. आणि अव्वाचं काय, तर गुरुपादय्या स्वामींना बोलावू, समाधी मानानं दुसरीकडं नेऊ, सगळं मी बघतो.

तू होतास ना तिला बसवताना? तिला आपण आडवी निजवली नाही. मांडी घालून बसवली, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, तू कपाळाला विभूती लावलीस. ती बसलेली आहे, सिद्राम. खणणाऱ्याची कुदळ आधी तिच्या डोक्याला लागेल.

तिला काय सांगून उठवायचं? ऊठ नागम्मा, तुझ्या लेकानं शीव बदलली?

निलम्मा


६ जानेवारी १९५४

सिद्राम,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. "उभी असलेली खूण तीच खरी धरावी, असा नियम आहे. तुला वाईट वाटलं असेल तर माफी." मला वाईट वाटलेलं नाही. मला राग आला आहे. या दोन्हींतला फरक गुलबर्ग्याला तुझ्या मोजणी खात्यात शिकवत नसतील.

काल येळवस, वेळा अमावास्या झाली. शेतात कडब्याची कोप उभी केली, तीत पाच पांडवांचे दगड मांडले, चुना लावला. अंबिलाचं गाडगं घेऊन शेताला फेरी घालायची, तर फेरी कुठं वळवायची? तुझ्या खुंटीपाशी भागम्मा थांबली. म्हणाली, "निलक्का, आता?" मी म्हटलं, "सरकारनं हितपर्यंत देव ठिवलाय. वळ."

दरवर्षी पहिला घास अव्वाला ठेवतो. तिथं रेवणसिद्धप्पाच्या बायकोनं, शरणम्मानं, आपले पाच पांडव मांडले होते. अव्वाच्या पायाशीच. समाधी धुऊन, फुलं वाहून. मला बघून म्हणाली, "ये अक्का, दोघी मिळून करू पूजा." तिच्या डोळ्यांत काहीसुद्धा कपट नव्हतं. आमच्या आईच्या समाधीवर ती मला पाहुणी म्हणून बोलवत होती. तिच्यावर रागवता येईना. मग तो सगळा राग तुझ्या वाट्याला टाकला. तो हा.

तुला खरंच आठवत नसेल तर आठवण करून देते.

कुंपणीचे गोरे साहेब बीदरच्या माळावर आले तेव्हा आपले पणजोबा पाटील होते. साहेबांनी लोखंडी साखळी लाकडी पेट्यांत मांडली, वर तंबू धरले, कारण उन्हानं लोखंड वाढतं आणि मग जमीन कमी भरते. तेवढी एक रेघ जमिनीवर मापली, आणि पुढं सगळं डोंगरावरून डोंगराकडं बघत. आपल्या टेकडीवर त्यांनी मनोरा बांधला, त्यावर दुर्बीण ठेवली. गावात कुणीतरी उठवलं की दुर्बिणीतून माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. बायकांनी विहिरीवर जाणं सोडलं. आपली पणजी म्हणे लुगड्याला घोट्याशी सुतळी बांधून पाण्याला जायची. अव्वाला हे सांगताना हसून हसून ठसका लागायचा.

जाताना साहेब पणजोबांच्या गळ्यात एक काम घालून गेला. खूण राखायची आणि दरसाल वर कळवायचं, खूण शाबूत आहे. पणजोबांनी कळवलं, आज्जानं कळवलं, मग अप्पांनी.

मी बाराची होते, तू सहाचा. कुणीतरी रातोरात मनोरा फोडला. साहेबानं बुडाशी सोनं पुरलंय या आशेनं. सोनं कुठलं! खाली खडक, खडकात कोरलेला एक गोल, मधोमध एक टिंब. तू त्या टिंबात बोट घातलंस आणि म्हणालास, "अक्का, साहेबाचा डोळा."

तहसिलीतला गिरदावर पाहणीला निघाला होता. मनोरा पडलेला दिसला असता तर पाटीलकीवर आलं असतं. तिथं एवढा खड्डा झाला होता की नवा पाया धरेना. मग अप्पांनी दोन गडी घेतले आणि तेच दगड बिरोबाच्या ओट्याजवळच्या सपाटीला आणून मनोरा उभा केला. मी पाणी वाहिलं. तू चुन्याच्या घमेल्यात बसकण मारलीस आणि ढुंगण भाजलं म्हणून बोंबललास. अव्वानं खोबरेल लावून तुला पुसलं. गिरदावरानं घोड्यावरूनच मनोरा बघितला, आपल्याकडं जेवला आणि गेला. खूण शाबूत.

अव्वा म्हणाली होती, "हे बरं न्हाई केलं." आणि अप्पा म्हणाले, "साहेब गेला इलायतेला. वीस पावलानं कुणाचं काय बिघडायलंय?"

ते दोन्ही गडी केव्हाच वारले. अव्वाही गेली. त्या वीस पावलांची शिक्षा नेमकी तिलाच, जिनं तेव्हा नको म्हटलं होतं.

तुझा नियम मला मान्य आहे. उभी खूण ती खरी. पण ती कुणी उभी केली हे तू घमेल्यात बसून बघितलं आहेस. तेवढं लिहून दे. दुसरं काही मागत नाही.

निलम्मा


२ फेब्रुवारी १९५४

सिद्राम,

या वेळी कार्डसुद्धा नाही. ठीक.

तू लिहून देत नाहीस म्हणून मी अप्पांना विचारलं. मला ते टाळायचं होतं. मी अफजलपूरहून विधवा होऊन परत आले तेव्हा भावकीतला एकही माणूस मला ठेवून घ्यायच्या बाजूचा नव्हता. अप्पा एवढंच म्हणाले होते, "तिची जागा हाय ती." त्यावर कुणी ब्र काढला नाही. त्या माणसाला खोटं ठरवायचं म्हणजे काय, हे तुला कळावं म्हणून लिहिते. तुला वाटतं माझ्या जिभेला हाड नाही म्हणून मला सगळं सोपं जातं.

मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले आहेत, तरी सकाळी पटका बांधल्याशिवाय ओसरीवर येत नाहीत. मी जवळ बसले.

"अप्पा, मनोरा हलिवला व्हता का न्हाई?"

"कोण इचारतंय?"

"मी."

"तू कोण? सरकार?"

"तुमची लेक."

"मग लेकीवानी बस. मनोरा हाय तिथंच हाय."

मी म्हटलं, रेवणसिद्धप्पा अव्वाला उकरणार आहे. त्यांनी डोक्यावरचा पटका चाचपला. मग म्हणाले, "निला, मी जलमभर वर लिवून दिलंय की खूण शाबूत हाय. ते एक खोटं निगालं तर बाकीचं बी खोटं निगतंय. किती भावांच्या वाटण्या केल्या मी. किती बांध ठरिवले. उद्या जो तो उठंल आन म्हणंल, पाटलानं मनोरा हलिवला, मग आमचा बांध कशावरून हलिवला न्हाई? गाव पेटंल."

ते चुकीचं बोलत नव्हते. म्हणून जास्त चीड आली.

"आन अव्वा?"

"नागम्मा माझी बायकू व्हती. तिला माझी अब्रू म्हाईत व्हती."

"तिला इचारलं का तुमी?"

"भाकर वाढ," म्हणाले.

वाढली. चटणी वाढली नाही. तेवढाच सूड मला येतो.

दुपारी भागम्माला घेऊन टेकडीवर गेले. खूण सापडते का बघावं म्हटलं. जुनी जागा घाणेरीच्या जाळीत कुठं गेली आहे ते कळत नाही. मनोरा मात्र ऐटीत उभा आहे. धनगरांनी बिरोबाबरोबर त्यालाही चुना फासला आहे, शेंड्याला शेंदूर लावला आहे. हरिबा मेंढरं घेऊन बसला होता. त्याला विचारलं, हा कोण देव? म्हणाला, "बिरोबाचा पावना हाय. इलायतेचा. कोंबडं खात न्हाई, नुस्ता चुना लागतोय." भागम्मा खाली बसून हसली. मलाही हसू आलं आणि मग त्या हसण्याचाही राग आला, कारण हे मी अव्वाला सांगितलं असतं.

तू ये. रविवारी ये. नाहीतर मी हुमनाबादला तहसिलीत जाणार.

निलम्मा


२१ फेब्रुवारी १९५४

सिद्राम,

आता तुला दोन पानी पत्र लिहायला वेळ मिळाला. मी तहसिलीत गेल्याचं कानावर गेलं असणार.

तू लिहितोस, "अप्पांचा विचार कर. ते किती दिवसांचे सोबती. या वयात त्यांची मान खाली जावी असं तुला वाटतं का? जी गेली ती गेली. आहेत त्यांना जप."

अप्पांना कोण जपतं, ते जरा बघू. त्यांना हात धरून परसात कोण नेतं? त्यांची दाढी करायला न्हाव्याला कोण बोलावतं? ज्वारीच्या भाकरीचे पापुद्रे काढून ताकात कोण कुस्करतं? तू वर्षातून दोनदा येतोस, त्यांच्या पाया पडतोस आणि ते दिवसभर सांगत बसतात की सिद्रामच्या बुटाचा आवाज साहेबासारखा येतो. मला जपायला शिकवू नकोस.

तुला वाटतं तू अप्पांची अब्रू राखतो आहेस. मला बरेच दिवस तसंच वाटत होतं. काल पीठ मळताना वेगळंच सुचलं. तुला बापाचं खोटं उघडं पाडणारा मुलगा व्हायचं नाही. ते खोटं उघडं पडावं, हे तुलाही हवं आहे, कारण तूही अव्वाचाच आहेस. पण ते अक्कानं करावं. अक्का तशीही तोंडाळ. म्हणजे तू पुढंही पाया पडशील, ते पुढंही तुझ्या बुटांचं कौतुक करतील, आणि अव्वाही जागेवर राहील. वाईट कोण झालं, तर निलम्मा.

हे खोटं असेल तर येऊन सांग.

तहसिलीतल्या कारकुनानं विचारलं, "तुमची तक्रार कुणाविरुद्ध?" मी म्हटलं, "बापाविरुद्ध आन भावाविरुद्ध." तो म्हणाला, "बाई, कुणी तरी एक धरा." भागम्मा मागून म्हणाली, "लिवा हो दोघं. एकाच पातेल्यातले हायत." मी तिला गप्प केलं. पण त्यानं लिहिलं.

तहसीलदारसाहेबांनी ऐकून घेतलं. शिवरात्रीनंतरच्या शनिवारी उदगीरचे मोजणीदार काझीसाब येणार आहेत. टेकडीवर जुनी खूण सापडली तर रेघ नव्यानं ओढणार. नाही सापडली तर तुझी खुंटी कायम. तोवर विहीर खणायची नाही असा हुकूम रेवणसिद्धप्पाला दिला आहे. तो म्हणाला, "एक शनिवार काय, दोन थांबतो."

तुला लांबलचक बोलावं लागणार नाही. काझीसाब विचारतील, मनोरा हलवला होता का. तू "व्हय" म्हणायचं. तुझ्या "व्हय"ला वजन आहे, माझ्याला नाही. मी विधवा, तंटाखोर, जमिनीसाठी हपापलेली, असं चावडीवर बोलून झालेलं आहे. तू म्हणालास तर अप्पांना माझ्या तोंडून ऐकावं लागणार नाही.

सकाळची पहिली बस मंठाळला थांबते. मी माणूस पाठवते.

निलम्मा


८ मार्च १९५४

सिद्राम,

पाठवलेला माणूस एकटाच परत आला.

टेकडी चढताना मी दोनदा मागं वळून पाहिलं. वाट वरपर्यंत स्वच्छ दिसते. तू नव्हतास.

अप्पा मात्र आले. रेवणसिद्धप्पाच्या गड्याच्या पाठुंगळी बसून, पटका बांधून. वर आल्यावर त्यांना बिरोबाच्या ओट्यावर बसवलं. निम्मं गाव जमलं होतं. काझीसाब बारीक चणीचे, पान खाणारे. त्यांनी अप्पांना आधी सलाम केला आणि मग विचारलं, "पाटीलसाब, ये मनोरा कबी हिला था क्या?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. आवाज खणखणीत.

मग माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "अप्पा खोटं बोलायलेत. मनोरा त्यांनीच हलिवला. मी पाणी वाहिलं."

असं वाटलं होतं की बोलल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. अप्पांनी माझ्या आवाजाच्या बाजूला तोंड केलं आणि पुन्हा समोर केलं. तेवढंच.

हरिबाला विचारलं. त्यानं काठीनं एक जागा दाखवली, मग दुसरी, मग म्हणाला, "माझ्या मेंढरांस्नी म्हाईत असंल." लोक हसले. मी सांगितलं तिथं गड्यांनी जाळी तोडून उकरलं. मुरूम निघाला आणि एक विंचू. रेवणसिद्धप्पा म्हणाला, "निलक्का, समदी टेकडी उकरायची का आता? मग हितंच पाडतो की हीर." पुन्हा हसले. तू असतास तर ते हसले नसते, सिद्राम, हे लिहून ठेव.

मग मला उमगलं. मी ओट्याच्या कडेपासून अंदाज धरत होते, आणि तो ओटा धनगरांनी पुढं दोनदा वाढवला आहे. मी जाळीत आणखी आत शिरले. हात रक्तबंबाळ झाले. पाय खोलगट जागेवर पडला तेव्हा म्हटलं, हितं.

भरावाचे दगड निघत गेले. मग कुदळ खणकन वाजली. काझीसाब स्वतः खाली उतरले, रुमालानं माती झाडली. खडकात गोल होता. ते म्हणाले, "अम्मा, इत्ते साल काम करा, ऐसा निशान पैले बार देका." आणि त्याच्यावरून हात फिरवत राहिले, जसा कुणी लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा.

अप्पांना दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय निगालं?"

सगळे एकमेकांकडं बघत होते. पाटलाला कोण सांगणार? शेवटी मीच म्हटलं, "गोल निगाला, अप्पा."

ते म्हणाले, "मधी टिंब हाय का बग."

टिंबाचं तोवर कुणीही बोललं नव्हतं. काझीसाबांनी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. सगळ्या टेकडीला एकाच वेळी कळलं, आणि त्यांनाही कळलं. मी म्हटलं, "हाय, अप्पा."

"मग झालं," म्हणाले. "मला खाली न्या."

शेवटी "व्हय" त्यांनीच म्हटलं. तुझ्याऐवजी.

संध्याकाळपर्यंत नवी रेघ आली. अव्वा आपल्यात आहे, आणि तिच्या पुढंही सात-आठ हात जमीन निघाली. रेवणसिद्धप्पा म्हणाला, "पाणी बी तुमच्याकडंच गेलं की आता." पण खुंटी ठोकताना स्वतः धरली. शरणम्मानं दुरून समाधीला हात जोडले.

मी घरी आले तर अप्पांचा पटका खुंटीला टांगलेला होता आणि ते भिंतीकडं तोंड करून निजले होते.

निलम्मा


१९ मार्च १९५४

सिद्राम,

"अक्का, बरं झालं." एवढंच लिहिलंस. एका कार्डावर, तीन शब्द, बाकीचं कोरं.

कुणाचं बरं झालं? कुणी केलं? पाऊस पडला म्हणून लिहावं तसं लिहितोस.

ऐक, काय बरं झालं ते. अप्पांनी त्या दिवसापासून माझ्या हातचं अन्न घेतलेलं नाही. भागम्मानं आणून दिलं तर खातात. मी ताट ठेवलं की हातानं चाचपतात, माझा वास येतो की काय कोण जाणे, आणि ताट सरकवून देतात. पटका बांधत नाहीत. ओसरीवर येत नाहीत. गाव पेटेल म्हणाले होते, तसं काही झालं नाही. दोन भाऊ येऊन गेले, वीस वर्षांपूर्वीच्या बांधाचं विचारायला. अप्पांनी आतूनच सांगितलं, "मोजून घ्या." ते मोजून घेणार आहेत. बाकी कुणी काही बोललं नाही. उलट लोक पूर्वीपेक्षा मऊ बोलतात त्यांच्याशी, आणि तेच त्यांना सोसत नाही.

मी पाया पडले. म्हटलं, अप्पा, मला मारा, पण जेवा. म्हणाले, "तू खोटं बोलली न्हाईस. तुला कामून मारू?" आणि तरी जेवले नाहीत. यावर काय बोलायचं, तूच सांग. तुला सगळं तोलून बोलता येतं.

परवा म्हणाले, "मला पोराकडं धाड."

म्हणून धाडते आहे. उद्या रेवणसिद्धप्पाची गाडी भालकीला जाणार आहे, तिथून बस. तुला विचारत नाही. तू त्यांची अब्रू सांभाळलीस, आता त्यांना सांभाळ.

भात त्यांना पचत नाही. ज्वारीची भाकरी करायला सांग तुझ्या बायकोला, आणि पापुद्रा काढून दे, कड चावत नाही. ताक आंबट नको. उजव्या कानानं ऐकू येतं, डाव्या बाजूनं बोललास तर रागावतात. आंघोळीचं पाणी कढत लागतं, हात घालून बघू नकोस, तुला भाजेल, त्यांना तेच हवं असतं. लिंगपूजेला बसले की मध्ये बोलायचं नाही. रात्री उठले तर भिंतीला धरून चालतात. तुझं घर नवं, भिंती ओळखीच्या नाहीत, म्हणून पहिले काही दिवस तू त्यांच्या खोलीत नीज. तू. बायकोला सांगू नकोस. पटका पेटीत वर ठेवला आहे. बांध म्हणू नकोस. मागितला तरच दे.

आणि ते तुला मनोऱ्याबद्दल काही बोलले, तर बुटाची नाडी बांधत बसू नकोस.

२० तारीख, दुपार

पत्र टपालात टाकायचं राहिलं म्हणून खाली लिहिते.

गाडी सकाळी निघाली. त्यांना गादीवर टेकून बसवलं, पाय झाकले. मी हाक मारली नाही, त्यांनीही मारली नाही. गाडी ओढ्याच्या पलीकडं गेल्यावर मी आत येऊन चूल पेटवली. भाकरी थापल्या, भाजल्या, टोपल्यात रचल्या आणि मग ध्यानात आलं की दोघांच्या केल्या आहेत. एकीचा पापुद्रासुद्धा काढून झाला होता.

सगळ्या खाल्ल्या. चटणी घेऊन. भागम्मा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "निलक्का, पोट फुटंल."

फुटू दे, म्हटलं.

निलम्मा